चौकीदाराची वही आणि रस्त्यावरचा माणूस

सार्वजनिक रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाला खाजगीपणाची अपेक्षा बाळगता येते काय, हा या व्याख्यानाचा विषय आहे. वरवर पाहता प्रश्न सोपा वाटतो आणि त्याचे रूढ उत्तरही तितकेच सोपे आहे. घराचा उंबरठा ओलांडला की माणूस चारचौघांत आला. चारचौघांत आलेल्याला चारचौघे पाहणारच. आणि जे सर्वांनी पाहिले त्यात खाजगी ते काय उरले, असे हे उत्तर आहे. त्याला जोडूनच दुसरा युक्तिवाद येतो. ज्याच्या मनात पाप नाही त्याने कोणाच्या नजरेला भिण्याचे कारण काय? ‘कर नाही त्याला डर कशाला’ ही म्हण अशा वेळी हमखास पुढे केली जाते.

या उत्तरात तथ्यांश आहे, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. बाजाराच्या दिवशी भाजी घेणाऱ्या गृहस्थाला भाजीवाली पाहते, शेजारचा दुकानदार पाहतो, रस्त्याने जाणारा ओळखीचा मनुष्य नमस्कार करतो. यांपैकी कोणीही त्याच्या खाजगी जीवनावर आक्रमण केले, असे कोणी म्हणणार नाही. परंतु ‘दिसणे’, ‘पाळतीवर असणे’ आणि ‘नोंदले जाणे’ या तीन भिन्न गोष्टी आहेत, आणि रूढ उत्तरात त्यांची गल्लत झालेली असते. पारावर बसलेल्या माणसांनी जे पाहिले ते दिवसभरात विसरले जाते. त्यांनी पाहिले हे पाहिल्या गेलेल्यालाही ठाऊक असते, आणि तोही त्यांना पाहत असतो. पाळतीत ही परस्परता नष्ट होते. एकजण पाहतो आणि दुसरा नुसता पाहिला जातो. नोंदीत तर विस्मरणही नष्ट होते. सोमवारचे पाहणे मंगळवारच्या पाहण्याला जोडले जाते, वर्षभराच्या पाहण्याची एक वही तयार होते, आणि ती वही ज्याच्या हाती पडेल त्याला त्या माणसाच्या आयुष्याचा नकाशाच मिळतो.

ही वही संगणकाच्या युगात प्रथम जन्माला आली, अशी समजूत असल्यास ती बरोबर नाही. भारतात तिचा इतिहास बराच जुना आहे. १८७१ साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आरंभी उत्तर हिंदुस्थानात लागू झालेला हा कायदा १९११ साली नव्या स्वरूपात सर्व ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू करण्यात आला. ज्या जमातींना सरकारने ‘गुन्हेगार’ म्हणून घोषित केले, त्यांच्या माणसांची नावे नोंदवहीत घालण्यात येत. त्यांना ठरावीक वेळी हजेरी द्यावी लागे. ठरवून दिलेल्या हद्दीबाहेर जाताना परवाना जवळ बाळगावा लागे. अनेकांना वसाहतींत आणून ठेवण्यात आले. सोलापूरची तारेच्या कुंपणातील वसाहत महाराष्ट्राला परिचित आहे. त्या माणसांनी कोणता गुन्हा केला, हा प्रश्न तेथे गौण होता. ती माणसे कोठे आहेत हे सरकारला सदैव कळले पाहिजे, हाच त्या व्यवस्थेचा गाभा होता. स्वातंत्र्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, हा कायदा रद्द झाला आणि तो दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. परंतु कायदा गेला तरी वही गेली नाही. सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आणि पोलीस खात्याच्या नियमावल्या यांच्या रूपाने ती पुढे चालू राहिली.

या वहीचा न्यायालयात पहिला गंभीर विचार झाला तो खरक सिंग यांच्या खटल्यात. १९४१ साली उत्तर प्रदेशातील (त्या वेळच्या संयुक्त प्रांतातील) या गृहस्थांवर दरोड्याचा आरोप ठेवण्यात आला आणि पुरावा नसल्यामुळे ते सुटले. तरीही पोलिसांनी त्यांच्या नावाचे इतिहासपत्रक उघडले आणि त्यांना पाळतीखाली ठेवले. उत्तर प्रदेश पोलीस नियमावलीतील २३६ व्या नियमात पाळतीचे प्रकार सांगितलेले होते. घरावर व घराकडे येणाऱ्या वाटांवर गुप्तपणे नजर ठेवणे, रात्री घरी जाऊन तपासणे, अधूनमधून चौकशी करणे, आणि शिपाई व चौकीदार यांनी त्या माणसाच्या हालचालींची व घरातील गैरहजेरीची खबर देणे, असे ते प्रकार होते. तो परगावी गेल्यास चौकशीची चिठ्ठी पाठवून खातरजमा केली जाई. खरक सिंग यांची तक्रार अशी होती की, रात्री-अपरात्री दारावर थाप पडते, झोपेतून उठविले जाते; आणि गाव सोडताना कोठे जाणार व केव्हा परतणार हे चौकीदाराला सांगावे लागते.

सर्वोच्च न्यायालयाच्या सहा न्यायाधीशांच्या पीठाने १८ डिसेंबर १९६२ रोजी या अर्जावर निर्णय दिला. रात्री घरी जाऊन तपासण्याची तरतूद एकमुखाने रद्द झाली. परंतु उरलेल्या तरतुदींविषयी मतभेद झाला. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निर्णयात असे धरले गेले की, खाजगीपणाचा हक्क संविधानात हमी दिलेल्या हक्कांपैकी नाही, आणि एखाद्याच्या हालचाली जाणून घेण्याचा नुसता प्रयत्न हा मूलभूत हक्काचा भंग होत नाही. संचारस्वातंत्र्याचा अर्थ शरीराने हिंडण्याचे स्वातंत्र्य असा घेण्यात आला. चौकीदार मागे असला तरी पायांना कोणी अडविलेले नाही. मग स्वातंत्र्य गेले कोठे?

न्यायमूर्ती सुब्बा राव यांना हे पटले नाही, आणि न्यायमूर्ती शाह त्यांच्याशी सहमत झाले. त्यांच्या मते संचारस्वातंत्र्य म्हणजे केवळ पाय उचलण्याची मोकळीक नव्हे. ज्याच्या प्रत्येक पावलाची खबर ठेवली जाते, त्याच्या हालचालीवर दिसणारे बंधन नसले तरी मनावर बंधन पडते. कोणाला भेटावे, कोणत्या दारात उभे राहावे, हे तो पाळत करणाऱ्याच्या नजरेने ठरवू लागतो. म्हणून संपूर्ण नियमच घटनाबाह्य आहे, असे त्यांचे मत होते. ते त्या दिवशी अल्पमतात गेले. तथापि बहुमताने घर वाचविले व रस्ता सोडून दिला, ही त्या निर्णयाची सीमारेषा ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढील अर्धशतकातील बहुतेक वाद याच रेषेभोवती फिरले.

अमेरिकेतही हाच प्रश्न थोड्याच वर्षांत पुढे आला. लॉस एंजेलिस येथे चार्ल्स कॅट्झ नावाचा मनुष्य सार्वजनिक दूरध्वनी-कक्षातून पैजांविषयी बोलत असे. पोलिसांनी कक्षाच्या बाहेरच्या बाजूला श्रवणयंत्र बसवून त्याचे बोलणे टिपले. १९६७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने हे कृत्य अवैध ठरविले. संविधानाचे संरक्षण जागांना नसून माणसांना आहे, हे त्या निर्णयाचे मर्म होते. न्यायमूर्ती हार्लन यांनी आपल्या स्वतंत्र मतात एक कसोटी मांडली. त्या व्यक्तीला खाजगीपणाची अपेक्षा खरोखर होती काय, आणि ती अपेक्षा समाज वाजवी मानील काय, हे दोन प्रश्न त्या कसोटीत आहेत. ‘खाजगीपणाची वाजवी अपेक्षा’ हा शब्दप्रयोग तेथून जगभर पसरला.

परंतु ही कसोटी रस्त्यावर आली तेव्हा तिची मर्यादा उघड झाली. मिनेसोटा राज्यात पोलिसांनी क्लोरोफॉर्मच्या एका पिंपात संदेश सोडणारे लहानसे यंत्र दडवून ठेवले आणि त्याच्या आधारे ते पिंप वाहून नेणाऱ्या गाडीचा माग विस्कॉन्सिनमधील एका झोपडीपर्यंत काढला. सार्वजनिक रस्त्याने जाणाऱ्याला आपल्या प्रवासाविषयी खाजगीपणाची अपेक्षा बाळगता येत नाही, असे १९८३ च्या नॉट्स खटल्यात ठरले; कारण जे यंत्राने कळले ते रस्त्यावर उभ्या असलेल्या कोणालाही डोळ्यांनी दिसले असते. मात्र चोवीस तासांची, सरसकट पाळत शक्य झाल्यास तिचा विचार त्या वेळी करावा लागेल, एवढी खिडकी न्यायालयाने उघडी ठेवली.

ती वेळ फार दूर नव्हती. वॉशिंग्टन येथे पोलिसांनी अँटवान जोन्स याच्या वापरातील जीप गाडीला उपग्रहाधारित स्थाननिश्चिती करणारे, म्हणजे जी.पी.एस. यंत्र लावले. न्यायालयाचे अधिपत्र दहा दिवसांत व राजधानीच्या हद्दीत यंत्र लावण्यापुरते होते. यंत्र लागले अकराव्या दिवशी आणि शेजारच्या मेरीलँड राज्यात. पुढील अठ्ठावीस दिवस गाडीची प्रत्येक हालचाल टिपली गेली आणि दोन हजारांहून अधिक पृष्ठांची माहिती जमली. २०१२ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायाधीशांनी ही कृती संविधानातील झडतीविषयक तरतुदीखाली येते, असे मानले. बहुमताने आधार घेतला तो गाडीला हात लावण्याचा, म्हणजे मालमत्तेवरील आक्रमणाचा. परंतु न्यायमूर्ती सोटोमेयर यांनी आपल्या स्वतंत्र मतात मर्मावर बोट ठेवले. माणूस कोणत्या वैद्याकडे जातो, कोणत्या वकिलाला भेटतो, कोणत्या कामगार-सभेला बसतो, कोणत्या प्रार्थनास्थळात शिरतो, हे सारे या नोंदीतून उलगडते. एकेक भेट उघड्यावर झालेली असते, पण भेटींची साखळी उघड्यावर झालेली नसते.

गाडीला यंत्र लावण्याची तरी गरज का उरावी? मोबाईल दूरध्वनीच्या रूपाने हे यंत्र माणूस स्वतःच खिशात घेऊन हिंडू लागला होता. त्याचे कार्य कसे चालते ते थोडक्यात समजून घेणे इष्ट ठरेल. जी.पी.एस. उपग्रह माणसाला ‘पाहतात’ अशी एक सार्वत्रिक समजूत आहे. वस्तुतः हे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून केवळ वेळेचे व स्वतःच्या स्थानाचे संदेश पाठवीत असतात. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की हातातील उपकरण स्वतःच आपले स्थान गणिताने काढते. उपग्रहाला त्या माणसाची वार्ताही नसते. वही तयार होते ती पुढल्या टप्प्यावर, म्हणजे उपकरण ते स्थान दुसऱ्या कोणाला कळविते तेव्हा. मोबाईलचे दुसरेही एक साधन आहे. तो चालू असताना जवळच्या मनोऱ्याशी सतत संपर्क ठेवतो. तसे केल्याशिवाय त्यावर हाकच येऊ शकत नाही. शहरात मनोरे दाट असतात, म्हणून तेथे स्थान बारकाईने कळते. खेड्यात ते काही किलोमीटरच्या अंदाजाने कळते. ही नोंद दूरध्वनी कंपनीकडे साठत राहते. त्यासाठी माणसाला काहीही करावे लागत नाही. मोबाईल जवळ असणे पुरेसे असते.

अशा नोंदींचा प्रश्न कार्पेंटर खटल्यात आला. डेट्रॉईट परिसरातील दरोड्यांच्या तपासात पोलिसांनी एका संशयिताच्या मोबाईलची १२७ दिवसांची स्थाननोंद कंपनीकडून मिळविली. तीत १२,८९८ ठिकाणे होती. म्हणजे दिवसाला सरासरी १०१. माहिती माणसाने आपण होऊन कंपनीला दिली असल्याने तीवर त्याचा हक्क उरत नाही, असा सरकारचा युक्तिवाद होता. जून २०१८ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने तो फेटाळला. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिलेल्या निर्णयानुसार अशा दीर्घकालीन नोंदीसाठी सामान्यतः न्यायाधीशाचे अधिपत्र आवश्यक ठरले; जीविताला तातडीचा धोका असल्यास अपवाद ठेवण्यात आला. जुन्या काळी कोणाचा भूतकाळ शोधायचा तर साक्षीदारांच्या स्मृतीवर विसंबावे लागे. आता मात्र ज्याच्यावर त्या वेळी कोणाचाही संशय नव्हता, त्याच्याही मागे जणू आधीपासूनच चौकीदार चालत होता, असा प्रकार झाला होता.

नावे गाळली की अशी नोंद निरुपद्रवी होते, हा समजही तपासून पाहिला पाहिजे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात युरोपातील एका देशातील सुमारे पंधरा लाख लोकांची पंधरा महिन्यांची मोबाईल स्थाननोंद नावे वगळून तपासण्यात आली. स्थळ आणि वेळ यांच्या केवळ चार जोड्या माहीत असल्या तर शंभरांतील पंच्याण्णव लोकांची नोंद इतरांपासून वेगळी काढता येते, असे तीत आढळले. याचे कारण गूढ नाही. रात्री अमुक घरी आणि दिवसा तमुक कचेरीत असणारा मनुष्य बहुधा एकच असतो. माणसाचा दिनक्रम हीच त्याची स्वाक्षरी ठरते.

भारतात १९६२ नंतर न्यायालयाचे मत हळूहळू बदलत गेले. १९७५ च्या गोविंद खटल्यात न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी मध्य प्रदेशातील पाळतीचे नियम रद्द केले नाहीत; मात्र खाजगीपणाचा हक्क मर्यादित स्वरूपात गृहीत धरला आणि त्या नियमांचा अर्थ संकुचित करून घेतला. मलक सिंग खटल्यात १९८० च्या डिसेंबरात न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी बजावले की, गुन्हे टाळण्यासाठी पाळत आवश्यक असली तरी ती माणसाच्या प्रतिष्ठेला धक्का देण्याइतकी आक्रमक असता कामा नये. शेवटी २४ ऑगस्ट २०१७ रोजी न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या अर्जावर नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने खाजगीपणाचा हक्क मूलभूत असल्याचे घोषित केले. खरक सिंग निर्णयातील विरुद्ध भाग रद्दबातल झाला. पंचावन्न वर्षांपूर्वी अल्पमतात गेलेले मत अशा रीतीने देशाचा कायदा झाले. माणूस सार्वजनिक जागी आला एवढ्याने त्याचा खाजगीपणा संपत नाही, कारण तो हक्क जागेला नव्हे तर व्यक्तीला व तिच्या प्रतिष्ठेला चिकटलेला आहे, हे न्यायमूर्ती चंद्रचूड यांच्या निर्णयपत्रात स्पष्ट करण्यात आले.

या तत्त्वाचा प्रत्यक्ष उपयोग ८ जुलै २०२४ रोजी दिसून आला. अंमली पदार्थांच्या एका खटल्यात जामीन देताना आरोपीने नकाशादर्शक संगणकीय सेवेवर आपले स्थान तपास अधिकाऱ्याला दिसेल असे ठेवावे, अशी अट घालण्यात आली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती काढून टाकली. जामिनावर सुटलेल्या माणसाच्या हालचालीवर सतत नजर ठेवणे म्हणजे त्याला सोडून पुन्हा एका प्रकारे कोंडणेच होय, हा त्यामागील विचार होता. त्याच वर्षी मे महिन्यात दुसऱ्या एका प्रकरणात न्यायालयाने इतिहासपत्रकांच्या जुन्या प्रथेकडे राज्यांचे लक्ष वेधले. दुर्बल व वंचित समाजातील निरपराध माणसांची नावे यांत्रिकपणे अशा पत्रकांत जाऊ नयेत, अशी त्यामागील चिंता होती. १८७१ ची सावली किती लांब पडते, याची ही आठवण होती.

येथवर पोलिसांच्या वहीचा विचार झाला. परंतु आज वह्या अनेक झाल्या आहेत. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गावरील टोलनाक्यांवर फास्टॅग अनिवार्य झाला. प्रत्येक नाक्यावर गाडीची वेळ नोंदली जाते. प्रवासी वाहतूक करणाऱ्या नव्या सार्वजनिक वाहनांना २०१९ पासून स्थानदर्शक यंत्र व संकटसूचक बटण बसविणे बंधनकारक आहे. दूरध्वनी कंपन्यांनी संभाषणाच्या तपशिलाच्या नोंदी निदान दोन वर्षे जपून ठेवाव्यात, अशी अट डिसेंबर २०२१ मध्ये त्यांच्या परवान्यात घालण्यात आली. फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या संहितेतील, म्हणजे १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील, ९४ व्या कलमानुसार तपासाला आवश्यक दस्तऐवज मागविण्याचा लेखी आदेश न्यायालयाप्रमाणेच पोलीस ठाण्याचा प्रमुख अधिकारीही काढू शकतो. कार्पेंटर निर्णयाने अमेरिकेत जी पायरी घातली, ती या कलमात नाही.

या व्यवस्थांना सरसकट दूषणे देणे अन्यायाचे होईल. रात्रीच्या बसमध्ये एकटी प्रवास करणारी स्त्री, जत्रेत हरवलेले मूल, घाटात उलटलेल्या गाडीतील जखमी माणसे यांच्या दृष्टीने स्थान कळणे म्हणजे जीव वाचणे होय. संकटात ११२ क्रमांकावर हाक देणाऱ्याला आपण कोठे आहोत हे पुष्कळदा सांगता येत नाही. तेव्हा यंत्राने ते सांगितले तर कोणी तक्रार करणार नाही. यांपैकी काही प्रसंगी माणूस स्वतः मदत मागतो, काही प्रसंगी त्याचे हित उघड असते. आणि माहितीचा उपयोग त्या एका कामापुरता होऊन संपतो. वादाचा मुद्दा वेगळा आहे. बसच्या रक्षणासाठी जमलेली नोंद उद्या कोणत्या कामाला लागेल, ती कोण पाहील, आणि ती कधी पुसली जाईल, हे कोणी ठरवावयाचे?

वहीचे ओझे सर्वांच्या वाट्याला सारखे येत नाही, हेही पाहिले पाहिजे. गेल्या दशकात नागपूर, चंदीगड आदी शहरांत महापालिकेच्या सफाई कामगारांच्या मनगटावर स्थान कळविणारी घड्याळे बांधण्यात आली. कामावर वेळेवर हजर राहावे, ही अपेक्षा रास्त आहे आणि हजेरीची पद्धतही जुनीच आहे. परंतु हजेरी दिवसातून एकदा वा दोनदा घेतली जाते; घड्याळ क्षणोक्षणी घेते. झाडू खाली ठेवून सावलीत टेकलेली स्त्री किती मिनिटे टेकली, हेही त्यात येते. चंदीगडच्या कामगारांनी या घड्याळांना विरोध केला, यात नवल नाही. ज्या साहेबाच्या कचेरीत ही नोंद उमटते, त्याच्या मनगटावर तसले घड्याळ नसते. पारावरची परस्परता येथे पूर्णपणे लोपलेली असते.

यावरून ‘अपेक्षा’ या शब्दातील एक सापळाही ध्यानात येतो. खाजगीपणाचा हक्क केवळ लोकांच्या अपेक्षेवर उभा केला, तर अपेक्षा खाली आली की हक्कही खाली येतो. चौकाचौकात कॅमेरे बसले, पाट्या लागल्या, लोकांना सवय झाली. मग आता कोणाला अपेक्षाच नाही, सबब हक्कही नाही, असे म्हणता येईल. ज्याने भंग केला त्यालाच भंगाच्या सवयीचा लाभ मिळेल. खरक सिंग यांनाही चौकीदाराची सवय झाली असेल. म्हणून चौकीदाराचे वागणे न्याय्य ठरत नव्हते. सबब माणूस काय अपेक्षितो, यापेक्षा स्वतंत्र देशात त्याला काय अपेक्षिण्याचा अधिकार असला पाहिजे, हा प्रश्न विचारणे योग्य. पुट्टस्वामी निर्णयाने हक्काचे मूळ प्रतिष्ठेत व स्वातंत्र्यात दाखविले, त्याचे महत्त्व यातच आहे.

आता आरंभीच्या म्हणीकडे वळता येईल. ‘कर नाही त्याला डर कशाला’ हे वचन चोराला उद्देशून ठीक आहे. परंतु खाजगीपणा म्हणजे लपवाछपवी नव्हे. मराठीत ‘गोपनीयता’ हा शब्द या हक्कासाठी रूढ होत आहे. त्यात दडविण्याची छटा आहे आणि तीमुळे घोटाळा होतो. क्षयाच्या दवाखान्यात जाणारा रुग्ण, सासरचा छळ सोसून वकिलाची पायरी चढणारी सून, मालकाला न कळविता संघटनेच्या सभेला बसणारा कामगार, बातमीसाठी सरकारी नोकराला भेटणारा पत्रकार, जातीबाहेरच्या जोडीदाराबरोबर बागेत बसलेली मुलगी यांपैकी कोणीही अपराध केलेला नाही. तरीही त्यांच्या हालचालींची वही चुकीच्या हाती पडली तर त्यांचे नुकसान होते. नोकरी जाते, मारहाण होते, क्वचित जीवही जातो. खेड्यातून शहरात आलेल्या कित्येकांना गर्दीने जे दिले ते हेच होते. तेथे त्यांना कोणी नावाने ओळखत नव्हते, आणि म्हणून जात विचारीत नव्हते. गर्दीतील हे अनोळखीपण दलित व स्त्रिया यांच्या दृष्टीने चैनीची वस्तू नव्हती. ती मुक्तीची एक वाट होती. प्रत्येक चौकात चेहरा ओळखणारे यंत्र बसले, तर शहराचे पुन्हा खेडे होते, आणि तेही ज्याला विसरता येत नाही असे खेडे.

मग मार्ग कोणता? पुट्टस्वामी निर्णयात कसोट्या सांगितलेल्या आहेत. पाळतीला कायद्याचा आधार हवा. तिचा हेतू राज्याला शोभणारा व वैध हवा. साधन हेतूच्या प्रमाणात हवे. आणि गैरवापर रोखणारी कार्यपद्धती हवी. खरक सिंग यांच्या वेळचा नियम यांतील पहिल्याच कसोटीवर नापास झाला असता, कारण तो खात्याच्या सूचनेपलीकडे काही नव्हता. आजही रस्त्यावर एखादे नवे यंत्र बसते तेव्हा ते कोणत्या कायद्याखाली बसले, हा पहिला प्रश्न असला पाहिजे. ते आवश्यक आहे काय, नोंद किती दिवस राहील, ती पाहण्याची परवानगी कोण देईल आणि कोणी कधी पाहिली याची उलट नोंद राहील काय, हे पुढचे प्रश्न आहेत. चौकीदाराने वही लिहावयाची असेल, तर चौकीदाराचीही एक वही असली पाहिजे.

ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने अंकीय स्वरूपातील वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. ते टप्प्याटप्प्याने लागू करण्याची योजना आहे. माहिती घेणाऱ्याने कारण सांगावे, संमती घ्यावी, काम संपल्यावर माहिती पुसावी, ही त्यातील तत्त्वे स्वागतार्ह आहेत. परंतु केंद्र सरकारला राज्याच्या सुरक्षिततेसारख्या कारणांसाठी आपल्या यंत्रणांना अधिसूचनेने या कायद्यातून वगळता येते. शिवाय व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेली माहिती या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. येथे व्याख्यानाचा मूळ प्रश्न नव्या वेषात उभा राहतो. जो माणूस रस्त्याने चालला, त्याने आपले चालणे ‘स्वतःहून सार्वजनिक’ केले असे मानावयाचे काय? होय म्हटले, तर १९६२ चे बहुमत मागल्या दाराने परत येते. नाही म्हटले, तर सुब्बा राव यांच्या मताला त्याचे पूर्ण फळ मिळते. हे उत्तर न्यायालयांना व विधिमंडळांना द्यावे लागेल, आणि त्याआधी नागरिकांना स्वतःच्या मनाशी ठरवावे लागेल.

रस्ता सर्वांचा आहे, हे सूत्र वारंवार सांगितले जाते आणि ते खरेही आहे. परंतु सर्वांचा असल्यामुळेच तो कोणा एकाच्या वहीचे पान होऊ शकत नाही. पाणवठा सर्वांना मोकळा व्हावा यासाठी या देशात माणसांना लढावे लागले. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली माणसे गेली ती केवळ पाणी पिण्यासाठी नव्हे, तर सार्वजनिक जागी माणूस म्हणून जाता यावे यासाठी. सार्वजनिक जागेत प्रवेशाचा हक्क अशा कष्टाने मिळाला आहे. त्या जागेतून, हिशेब न देता, निर्भयपणे ये-जा करण्याचा हक्क हा त्याचाच दुसरा भाग आहे. आणि पहिला भाग मिळविणाऱ्यांनी दुसरा गमावला, तर मिळविलेले फारसे उरणार नाही.